भडंग, गलाई आणि चार वर्षांची पदवी

पत्र:

मॅडम, नमस्कार. मी विट्याजवळच्या एका गावातली. बारावी सायन्स झालं. नीट दोनदा दिली, दोन्ही वेळा मार्क कमी पडले. आता मला सायन्स नको आहे. मला इतिहास आवडतो, समाजशास्त्र आवडतं, पेपरातली बजेटची पानंसुद्धा मी वाचते. बेंगळुरूच्या एका खासगी विद्यापीठाच्या माहितीपत्रकात सामाजिक शास्त्रांची एकत्रित चार वर्षांची पदवी दिसली. एकाच विषयात अडकण्यापेक्षा हे बरं वाटतं. पप्पा म्हणतात, बी.ए.च करायचं तर इथंच कर, पुढं बी.एड. होईल. चुलते म्हणाले, "ही पदवी म्हणजे भडंग. मूठभर हे, मूठभर ते. पोट भरत नाही." भाऊ म्हणतो, कॉम्प्युटरचं काहीतरी कर. फी लाखात आहे. मी काय करू?

ता. क. पप्पांचं तमिळनाडूत गलाईचं, म्हणजे जुनं सोनं गाळून शुद्ध करायचं दुकान आहे. आमच्या गावातले कितीतरी लोक असेच बाहेर आहेत. आमच्याच भागातले लोक एवढ्या लांब सोनं गाळायला का गेले, हे मला कुणी नीट सांगत नाही.

– एक मुलगी, तालुका खानापूर

उत्तर:

तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, नेहमीचंच आहे. निकाल लागले की अशी पत्रं येतातच. दुसऱ्यांदा वाचताना ताज्या कलमापाशी अडकले. वरचं सगळं पत्र तू सल्ला मिळावा म्हणून लिहिलंयस आणि ताजा कलम राहवेना म्हणून. मला विचारशील तर पदवीचा निर्णय त्या खालच्या तीन ओळींवरूनच व्हायला हवा.

आधी चुलत्यांचं. त्यांना हसण्यावारी नेऊ नकोस, त्यांचं अर्धं बरोबर आहे. एकत्रित म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पदव्या खरंच मूठभर हे आणि मूठभर ते अशाच असतात. सोमवारी इतिहासाचा तास, मंगळवारी अर्थशास्त्राचा. दोन्ही प्राध्यापकांनी एकमेकांचा अभ्यासक्रम आयुष्यात पाहिलेला नसतो. मुलांना सहा विषयांची पहिली-पहिली प्रकरणं येतात, दुसरं प्रकरण कशाचंच येत नाही. फक्त चुलत्यांनी उदाहरण चुकीचं निवडलं. ते भेळ म्हणाले असते तर मी गप्प बसले असते. भडंगाला मसाला प्रत्येक चुरमुऱ्याला लागावा लागतो, लसूण तेलात नीट तळली जावी लागते आणि ते महिनाभर टिकतं. सांगली जिल्ह्यात राहून भडंगाला नावं ठेवायची म्हणजे काय!

आता तुझी चूक. "एकाच विषयात अडकण्यापेक्षा" असं तू लिहिलंयस. निवड टाळण्यासाठी ही पदवी घेणार असशील तर घेऊ नकोस. दोन वर्षं नीटच्या घाण्याला जुंपलेल्या मुलीला मोकळं हुंदडावंसं वाटणार, ते मी समजू शकते. पण सगळं थोडं थोडं आवडतं, एवढ्या भांडवलावर चार वर्षं निघत नाहीत. एखादा प्रश्न डोक्यात घर करून बसलेला असावा लागतो, असा की तो कुठल्याच एका विषयाच्या पुस्तकात मावत नाही. तुझ्याकडे तो आहे, म्हणून तर हे एवढं लांबलचक उत्तर लिहितेय.

गलाईचंच बघ. पहिल्यांदा भूगोल लागतो. आपल्या सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांच्या पश्चिमेला महाबळेश्वर, तिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. तिथून पूर्वेला माण-आटपाडीकडे सरकलं की तोच आकडा पाचशेच्या आसपास येतो, कधी त्याच्याही खाली. खानापूर तालुका त्या कोरड्या बाजूचा. म्हणजे दुष्काळामुळे माणसं गेली. उत्तर सापडलं?

नाही सापडलं. दुष्काळ जतलाही होता, माणलाही होता. दुष्काळी भागातली कितीतरी माणसं मुंबईला गिरणीत गेली, कितीतरी ऊसतोडीला गेली. मग सोनं वितळवायची मूस, ते शुद्ध करायचं तेजाब आणि शुद्धतेचा टंच यांच्या मागे तुझ्याच पट्ट्यातली माणसं का गेली? इथं भूगोल हात टेकतो आणि समाजशास्त्र सुरू होतं. एक जण गेला, त्याने भावकीतला पोरगा कामाला नेला, त्या पोराने मेव्हण्याला नेलं. सोन्याच्या धंद्यात अनोळखी माणूस दुकानात ठेवता येत नाही, म्हणून गावाकडची ओळख हेच जामीनपत्र. ही साखळी कोणत्या घरांपर्यंत पोचली आणि कोणत्या वस्तीपाशी तुटली, हे तुझ्या गावात घरं मोजून काढता येईल. मोजताना जातीचा प्रश्न येणार, तो टाळू नकोस.

मग राज्यशास्त्र आणि कायदा. १९६३ च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले. १४ कॅरटच्या वरचे दागिने घडवायला बंदी झाली आणि देशभर सोनारांचे हाल झाले. १९६८ मध्ये त्याचा कायदा झाला, तो रद्द व्हायला १९९० उजाडलं. त्या सगळ्या काळात जुनं सोनं गाळणाऱ्याचं काय झालं? धंदा बसला की उलट वाढला? तुझ्या आजोबांच्या पिढीतली माणसं अजून असतील तर हे विचारायचे दिवस थोडेच उरलेत. पुढे २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, त्याबद्दल मात्र तुझे पप्पाच सांगतील, तेही बहुधा चिडून.

अर्थशास्त्र माझा विषय, तिथं माझीच एक फजिती सांगते. मी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात एकतीस वर्षं शिकवलं. एकदा मागणीचा नियम शिकवत होते. भाव वाढला की मागणी घटते वगैरे, फळ्यावर डावीकडून उजवीकडे उतरणारी रेघ. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, सोन्याचा भाव वाढला की मामाच्या दुकानात गर्दी होते. लोक जुनं मोडायला येतात. आणि पाऊस पडला नाही तरी गर्दी होते." मी घड्याळ पाहिलं आणि म्हटलं, ते अभ्यासक्रमात नाही, बस खाली. त्या मुलाने तीन वाक्यांत पुरवठ्याचा नियम सांगितला होता, शेतीतली जोखीम सांगितली होती आणि दुष्काळात घरातली पहिली विकली जाणारी वस्तू बाईच्या अंगावरची असते, हेही सांगितलं होतं. परीक्षेत त्याने गाइडमधलं उत्तर लिहिलं आणि मी त्याला दहापैकी सात दिले. तो पुढे मामाकडेच गेला असं ऐकलं. ते सात मार्क मला अजून टोचतात.

सांगायचा मुद्दा, त्याचं बोलणं कुठल्याच एका तासात बसणारं नव्हतं. अर्थशास्त्राच्या तासाला ते विषयांतर, समाजशास्त्राच्या तासाला भावाचं गणित कुणाला येत नव्हतं. चांगली आंतरविद्याशाखीय पदवी (शब्द जिभेला जड आहे, पण माहितीपत्रकांत हाच छापतात) अशा मुलाला बस खाली म्हणत नाही. तिथं अर्थशास्त्रवाली आकडे मागते, इतिहासवाला जुने दस्त मागतो, मानववंशशास्त्रवाली म्हणते चार महिने तिथं जाऊन राहा, आणि तिघांचं पटत नाही. ते न पटणं पाहणं हाच खरा अभ्यास असतो. पुरावा कशाला म्हणायचं यावरच त्यांचं भांडण असतं.

हे फॅड नवं आहे असं कुणी म्हणालं तर साताऱ्याकडे बोट दाखव. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकर नावाच्या मुलाचं नाव साताऱ्याच्या शाळेत घातलं गेलं. तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. पुढे कोलंबिया विद्यापीठात त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता, पण सोबत समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र. १९१६ मध्ये त्यांनी जातीवरचा निबंध वाचला तो मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात. १९१८ मध्ये लिहिलं शेतीच्या लहान तुकड्यांवर. १९२३ मध्ये लंडनहून डी.एस्सी. मिळवली रुपयाच्या प्रश्नावर, आणि वर बॅरिस्टर. कागदावर पाहिलं तर चुलत्यांच्या भाषेत हे भडंगच. पण खाली एक प्रश्न सलग चाललेला दिसतो. आणि हेही लक्षात घे की मुख्य विषय एकच होता आणि तो पक्का होता. याच सातारा जिल्ह्यातल्या कोयना धरणाने माणसं उठवली तेव्हा त्या विस्थापितांची पाहणी करायला १९६० च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे गेल्या. धरण इंजिनिअरांचं, उठवलेली माणसं कोणत्या विषयाची? त्यांनी तो प्रश्न आपला मानला.

बाहेरच्या देशांतही हे जुनं आहे. ऑक्सफर्डला तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र अशी तिहेरी पदवी १९२० च्या सुमारास सुरू झाली. एवढं पुरे. तुला ऑक्सफर्डला जायचं नाहीये.

आता व्यवहार बोलू. बेंगळुरूच्या त्या विद्यापीठाची फी लाखात आहे असं तू म्हणतेस. शिष्यवृत्ती किती, हे पत्रात नाही. अशा ठिकाणी घरच्या उत्पन्नावर फी माफ होते, कधी पूर्ण, कधी अर्धी. ते लेखी हातात येईपर्यंत निर्णय घेऊ नकोस. पूर्ण फीचं कर्ज काढून ही पदवी करावी, असं मी म्हणणार नाही. या पदवीनंतरची पहिली नोकरी बहुतेक वेळा एखाद्या संस्थेत सर्वेक्षणाची, संशोधन सहायकाची, किंवा पेपरात, अशी असते. पगार बेताचा असतो. त्यातून लाखांचे हप्ते फेडताना दोन वर्षांत प्रश्नबिश्न विसरायला होतं.

तुला कदाचित माहीत नसेल, विट्यात किंवा सांगलीत राहूनही बरंचसं जमवता येतं. शिवाजी विद्यापीठाशी जोडलेल्या कॉलेजांत २०२४-२५ पासून नवी रचना आली आहे. एक मेजर म्हणजे मुख्य विषय, त्याला जोडून मायनर म्हणजे दुय्यम विषय, शिवाय ओपन इलेक्टिव्ह म्हणजे बाहेरचा एखादा आवडीचा विषय. तीन वर्षांनी पदवी, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून जास्त असतील तर चौथ्या वर्षी संशोधनाचा मार्ग घेता येतो. मधेच थांबावं लागलं तर एका वर्षाला प्रमाणपत्र आणि दोन वर्षांना पदविका मिळते. पप्पांना हे सांग, त्यांना थोडा धीर येईल. अर्थशास्त्र मेजर आणि समाजशास्त्र मायनर, किंवा उलट, अशी जोडी तुझ्या प्रश्नाला चपखल बसते.

मात्र कागदावरचे पर्याय आणि कॉलेजातले पर्याय यांत फरक असतो. कितीतरी ठिकाणी मायनर म्हणजे ज्या विषयाचा शिक्षक मोकळा आहे तो. म्हणून प्रवेशाआधी स्वतः जा. ऑफिसच्या खिडकीशी विचारू नकोस, थेट विभागात जाऊन बस. मायनरला शिकवायला कायम शिक्षक आहे की तासिका तत्त्वावरचा, ते विचार. मुलं गावात जाऊन पाहणी करतात का आणि गेल्या वर्षीचे प्रकल्प बघायला मिळतील का, तेही विचार. प्रकल्पाची फाइल उघडलीस की सगळं कळतं. पंचवीस मुलींनी "बचत गटांचे महिला सक्षमीकरणातील योगदान" एकाच शब्दांत लिहिलेलं असेल तर नमस्कार करून बाहेर ये. बेंगळुरूच्या विद्यापीठालाही हेच प्रश्न ईमेलने पाठव. चकचकीत माहितीपत्रकावर जाऊ नकोस, उत्तर कोण देतं आणि किती दिवसांनी देतं ते बघ.

बी.एड.चं पप्पा म्हणतात त्यात तथ्य आहे. शाळेत शिकवायचं तर पदवीला शाळेचा विषय असावा लागतो, आणि पदवीवर नुसतं "सामाजिक शास्त्रे" लिहिलेलं असलं की छाननीच्या टेबलावरचा कारकून बुचकळ्यात पडतो. गुणपत्रिकेवर विषयवार क्रेडिट स्पष्ट येतात का, हे आधीच पाहून ठेव. पुढे एम.ए. कशात करणार तेही यावरच ठरतं, आणि एम.ए. करून नेट-सेट (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा) दिलीस तर ती सहसा पदव्युत्तरच्याच विषयात द्यावी लागते. अर्थशास्त्राच्या काही चांगल्या अभ्यासक्रमांना बारावीला गणित लागतं. तू बायोलॉजीवाली, गणित ठेवलं होतंस की सोडलं होतंस, ते लिहिलं नाहीस. सोडलं असशील तरी संख्याशास्त्र शीक, कुठल्याही परिस्थितीत शीक. ज्या मुलीला गावातली घरं मोजता येतात, त्या आकड्यांचा तक्ता करता येतो आणि तो तक्ता कुठं खोटं बोलतोय ते ओळखता येतं, तिला काम मिळतं. भावाला सांग, कॉम्प्युटरचं काहीतरी म्हणजे हेच.

स्पर्धा परीक्षांना कुठलीही पदवी चालते, तेव्हा तो प्रश्नच नाही. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाली आहे, म्हणजे चार विषय जोडून लिहिता येणाऱ्याला थोडा फायदाच. पण त्या परीक्षेसाठी म्हणून ही पदवी करू नकोस. विट्यातल्या अभ्यासिकांत रात्री अकराला दिवे चालू असतात ते तुला मी सांगायला नको.

इंग्रजीची भीती तुझ्या पत्रात नाही, पण ओळींच्या मधे दिसली. या विषयांतलं बरंचसं वाचन इंग्रजीत असतं. त्यावर उपाय एकच, आधी संकल्पना मराठीत पक्की करायची. मराठी विश्वकोशाचं काम साताऱ्याच्याच वाईतून उभं राहिलं आणि आता तो इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतो. स्थलांतर, जातिसंस्था, पतपुरवठा, एकेक नोंद वाच आणि मग त्याच विषयावरचं इंग्रजी प्रकरण घे. पहिले सहा महिने दिवसाला चार पानं सरकतील. सरकू देत.

नीटची दोन वर्षं वाया गेली असं मात्र समजू नकोस. निरीक्षण आणि अनुमान वेगळं लिहायचं, हे सायन्सच्या जर्नलने तुला शिकवलंय. आर्ट्सच्या मुलांना मी ते तिसऱ्या वर्षापर्यंत शिकवत असे.

तर माझं म्हणणं असं. शिष्यवृत्ती भरपूर मिळाली आणि विभागाने नीट उत्तरं दिली तर बेंगळुरूला जा, मागे वळून बघू नकोस. नाहीतर इथं, अर्थशास्त्र मेजर घेऊन. दोन्हीकडे तुझा प्रश्न सोबत असेल. उलट इथं राहिलीस तर तो चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तुमच्याच तालुक्यात येरळेवर बळीराजा धरण आहे. १९८० च्या दशकात लोकांनी नदीतली वाळू विकून त्याला पैसा उभा केला आणि भूमिहीनांनाही पाण्यात वाटा ठरवला. सुट्टीच्या दिवशी जाऊन ये. तेव्हा राबलेली माणसं भेटली तर वही काढ. आणि आता टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आलंय, तेव्हा गलाईला गेलेली माणसं परत येतायत का, की पाण्याबरोबर फक्त पैसे परत येऊन विहिरी आणि बंगले होतायत, हेही पाहण्यासारखं आहे. हे मला खरंच माहीत करून घ्यायचंय. मला माहीत असतं तर तुला विचारलं नसतं.

एक राहिलं. तुझ्या पत्रात पप्पा आहेत, चुलते आहेत, भाऊ आहे. आईचं नावच नाही. पप्पा तिकडे दुकानात असताना इतकी वर्षं शेत कुणी पाहिलं, मजूर कुणी सांगितले, सोसायटीचं कर्ज कुणाच्या अंगठ्यावर नाहीतर सहीवर फिरलं? गलाईवर कुणी लिहिलंच तर ते बाहेर गेलेल्यांबद्दल लिहितात. फॉर्म भरायच्या आधी एक दिवस तिच्याबरोबर रानात जा आणि विचार की लग्न होऊन आली तेव्हा घरात किती माणसं होती, आणि अंगावर किती तोळे होते, त्यातलं कोणतं कोणत्या सालात मोडलं. ती म्हणेल, कशाला पाहिजे तुला? पुन्हा विचार. सालं लिहून घे, मग ती दुष्काळाच्या सालांशेजारी मांड आणि तो कागद मला पाठव.